ड्युशेन: मुलगा रात्री कूस बदलायला सारखा उठवतो, कोणती गादी घ्यावी?

कृष्णाकाठ

मुलगा १४ वर्षांचा, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार). चालणं थांबलंय, दिवसा व्हीलचेअर. वजन ५२ किलो, डेफ्लाझाकॉर्ट (स्टिरॉइडची गोळी) चालू आहे. पूर्वी रात्रीतून दोनदा वळवलं की भागायचं. गेल्या काही महिन्यांत दर तासा-दीड तासाला हाक येते. कापसाची गादी आहे. उजव्या खुब्यावर लाल डाग दिसतोय, कातडी फाटलेली नाही. त्याचे बाबा रात्रपाळीला असले की मी एकटीच असते, सासूबाईंना उचलणं जमत नाही.

एअर बेड घ्यायचाय. दुकानात बुडबुड्यांचा आणि नळ्यांचा असे दोन प्रकार दाखवले, पैशांत बराच फरक आहे. कोणता घ्यावा? आणि एकटीने वळवायची पद्धत कुणी नीट सांगेल का? न्यूरोच्या डॉक्टरांकडे पुण्याला जातो, एरवी तालुक्याचे डॉक्टर बघतात.

श्वासपटल

ताई, गादी घ्याच, पण त्याआधी श्वासाची तपासणी करून घ्या. ड्युशेनच्या मुलाचं रात्रीचं उठवणं एकाएकी वाढलं, तर ते दर वेळी अंग अवघडल्यामुळेच असतं असं नाही. छातीचे आणि श्वासपटलाचे स्नायू कमजोर झाले की त्याचा परिणाम आधी झोपेत दिसतो. श्वास उथळ पडतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मेंदू मुलाला जागं करतो. जाग आल्यावर त्याला एवढंच कळतं की बरं वाटत नाहीये. म्हणून तो 'वळव' म्हणतो. वळवलं की चार श्वास खोल होतात, झोप लागते, आणि तासाभराने पुन्हा तेच.

बाकीच्या खुणा त्याला विचारून आणि बघून ठरवा. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखणं आणि तासाभरात आपोआप थांबणं. नाश्ता नकोसा होणं. शाळेत पेंग. घाबरवणारी स्वप्नं. रात्री घाम. लांब वाक्य बोलताना मध्येच श्वासासाठी थांबणं. यातल्या दोन-तीन जुळल्या तर पुढच्या ठरलेल्या भेटीपर्यंत थांबू नका, फोन करून लवकरची वेळ मागा.

तपासण्यांची नावं लिहून न्या. बसवून केलेली स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायची तपासणी), त्यात एफव्हीसी बघायची, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोरात किती हवा बाहेर फुंकता येते ते. चालणं थांबल्यावर ही दर सहा महिन्यांनी व्हायला हवी. एफव्हीसी अपेक्षित आकड्याच्या ५० टक्क्यांखाली गेली किंवा वरच्या खुणा असल्या, तर झोपेची तपासणी, आणि तीही कार्बन डायऑक्साइड मोजणारी. नुसता ऑक्सिजन मोजणारी अपुरी पडते. रक्ताच्या तपासणीत बायकार्बोनेट वाढलेलं असेल तर तोही इशारा समजा. दिवसा बोटावरच्या मशीनवर ९७-९८ आलं म्हणून निर्धास्त राहू नका, कारण कार्बन डायऑक्साइड त्यात दिसतच नाही.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: श्वास कमी पडतोय म्हणून घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणून लावायचा नाही. अशा मुलात नुसता ऑक्सिजन दिला की बोटावरचा आकडा छान दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड वाढत राहतो. मूल गुंगीत जातं, आणि घरच्यांना वाटतं शांत झोपलंय. त्याला गरज असते हवा आत ढकलणाऱ्या मशीनची, म्हणजे बायपॅपची.

बायपॅप लिहून दिलं, तर मुलाने श्वास घ्यायला उशीर केला तरी मशीन स्वतःहून श्वास देईल असा मोड आहे का ते विचारा, एसटी मोड म्हणतात त्याला. मास्क शक्यतो नाकाचा घ्या. तोंड झाकणारा मास्क असेल आणि उलटी झाली तर ज्याला हात वर नेता येत नाही तो मास्क काढणार कसा? पट्टे आवळू नका, पट्ट्याखालून बोट सहज जायला हवं. हवा गळते म्हणून पट्टा आवळत जातात आणि आठवड्यात नाकाच्या हाडावर जखम होते. गळत असेल तर मास्कचा आकार चुकलाय, दुसरा मागा. मास्कवरची बारीक भोकं चिकटपट्टीने बंद करू नका, उच्छ्वास बाहेर जायची वाट तीच आहे. मुलाला हवा जोरात लागते म्हणून प्रेशर घरीच कमी करणं हीसुद्धा नेहमीची चूक. आधी जागेपणी, टीव्ही बघताना अर्धा-अर्धा तास सवय करा.

वाकळ

गादीचं मी सांगते.

बुडबुड्यांची गादी दोन-अडीच इंच उंच असते. ५२ किलोचं मूल कुशीवर झोपलं की खुब्याखाली ती चेपते आणि खुबा खालच्या गादीला टेकतो. शिवाय एका जागी भोक पडलं की सगळीच जाते. नळ्यांची चार-पाच इंच असते, आणि फुटलेली एक नळी बदलता येते. तुमच्याकडे डाग आधीच दिसतोय, तेव्हा नळ्यांचीच घ्या. सुट्या नळ्या मिळतात का हे दुकानदाराला आधी विचारा.

पंपावरचं बटण वजनाप्रमाणे लावायचं. बरेच जण 'कडक बरी' म्हणून शेवटपर्यंत फिरवतात, मग ती गादी फळीसारखी होते आणि घेतलेली फुकट जाते. तपासायची रीत सोपी आहे: मूल झोपलेलं असताना माकडहाडाच्या खाली, एअर बेड आणि कापसाच्या गादीच्या मधे तळहात सरकवा. वरच्या अंगाचं हाड हाताला टोचलं तर हवा कमी. आणि मूल वर अजिबात रुतत नसेल तर हवा जास्त. एअर बेडवर एकच पातळ सुती चादर. घाम येतो म्हणून वर रेक्झिन आणि वाकळ घातली की नळ्यांचा उपयोग संपला. गादीमुळे पलंगाची उंची वाढते, कठडा असेल तर तो आता बुटका पडेल, तेवढं बघा.

आता एकटीने वळवणं. पलंग तुमच्या कमरेइतका उंच हवा. चारही पायांखाली सुताराकडून खाच पाडलेले लाकडी ठोकळे करून घ्या, म्हणजे पाय घसरत नाहीत. एक चादर दुहेरी घडी करून मुलाच्या खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी घालून ठेवायची, रात्रभर तशीच. तिच्या खाली कमरेच्या भागात सॅटिनचा तुकडा घातला तर निम्मी ताकद वाचते.

समजा डाव्या कुशीवर करायचंय. आधी त्याच्या उजव्या बाजूला उभं राहून चादर गोळा करून घट्ट धरा आणि त्याला आपल्याकडे, पलंगाच्या उजव्या कडेला सरकवा. हे राहिलं तर वळवल्यावर तोंड कठड्याला लागतं. मग डाव्या बाजूला या. त्याचा उजवा हात छातीवर, उजवा गुडघा जमेल तेवढा दुमडून डाव्या पायावर. पलीकडची चादर खांदा आणि खुबा या दोन जागी धरून आपल्याकडे ओढा. एक पाय पुढे, एक मागे, आणि अंगाचा भार मागच्या पायावर घ्या, कंबर वाकवून नाही. हाताला धरून किंवा खाकेत हात घालून कधीच ओढायचं नाही. या मुलांच्या खांद्याचे स्नायू इतके सैल असतात की सांधा निसटतो.

वळवल्यावर खालच्या खांद्याच्या पात्यामागे हात घालून तो थोडा पुढे घ्या, नाहीतर दहा मिनिटांत हाक येणार. खालचा कान दुमडला नाही ना बघा. पूर्ण कुशीवर झोपवू नका. पाठीमागे उशी लावून फक्त ३० अंश तिरका ठेवा, म्हणजे भार खुब्यावर न येता मांसल भागावर येतो. दोन गुडघ्यांमध्ये घोट्यापर्यंत पोचेल अशी लांब उशी. टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली पातळ उशी. आखडलेला गुडघा दाबून सरळ करायचा नाही, आहे त्या कोनात आधार द्यायचा. पांघरूण हलकं. जाड पांघरुणाखाली त्याला बोटसुद्धा हलवता येत नाही आणि जी हालचाल त्याची त्याला जमली असती तीही जाते.

लाल डागावर बोट दाबून सोडा. जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली आणि भार काढल्यावर अर्ध्या तासात डाग गेला तर अजून निभावतंय. दाबूनही लालच राहिली तर ती दाबाची जखम सुरू झाली म्हणायची. मग ती कूस पूर्ण बंद, आणि डॉक्टरांना दाखवा. त्यावर मालीश, स्पिरिट, पावडर काही नको. मधे भोक असलेली रबरी चकतीही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी तुटतो.

हाक मारायला आवाज पुरत नसेल तर बिनतारी डोअरबेलचं बटण त्याच्या बोटाखाली चिकटवून ठेवा. हलक्या दाबाने वाजणारं शोधा, आणि कूस बदलली की बटणही बदला.

कृष्णाकाठ

दोघांचेही खूप आभार. सकाळी डोकं दुखतं म्हणतो, आम्ही चष्म्याचं समजत होतो. पुण्याला फोन करून लवकरची वेळ घेतली आहे. बायपॅप लागलं तर आमच्याकडे लाईट जाते त्याचं काय करायचं? आणि थंडीत सर्दी झाली की छातीत घरघर राहते, कफ बाहेर येतच नाही.

बारा व्होल्ट

इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हच घ्या. स्क्वेअर वेव्हवर मशीनचा अडॅप्टर तापतो. यूपीएस मोडवर ठेवा, म्हणजे लाईट गेल्याच्या क्षणी मशीन बंद पडत नाही.

हिशेब असा. १५० एएच, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. लेड ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली तर लवकर मरते, म्हणून ९०० धरा. इन्व्हर्टरमध्ये जातं ते वजा करून हाती साधारण ७५०. बायपॅप ४० वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा ३०, गादीचा पंप १०, मिळून ८०. म्हणजे नऊ तास. पण बायपॅपचा ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) तापता ठेवला तर मशीनचंच खाणं दुप्पट होऊ शकतं, म्हणून लाईट गेली की तो बंद करायचा. साधा पंखा एकटाच ७५ वॅट खातो, तो आधी बदला. तुमच्या मशीनचे खरे वॅट अडॅप्टरवर नाही, माहितीपुस्तिकेत बघा. अडॅप्टरवर जास्तीत जास्त लिहिलेले असतात.

त्या लाईनवर टीव्ही, फ्रिज काहीही नको. जुन्या बॅटरीवर हा हिशेब लागू नाही. महिन्यातून एकदा, घरात सगळे जागे असताना मेन स्विच बंद करून किती वेळ चालतं ते बघा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच. महावितरणच्या शाखा कार्यालयात घरी श्वासाचं मशीन असल्याचा अर्ज डॉक्टरांच्या पत्रासह देऊन पोच घ्या, निदान ठरलेल्या बंदची वेळ तरी आधी कळवा म्हणून मागता येतं.

श्वासपटल

कफाबद्दल. खोकला जोरदार यायला आधी छातीत भरपूर हवा लागते, आणि याच्याकडे तीच कमी पडते. खोकल्याचा जोर पीक फ्लो मीटरवर मोजता येतो. मिनिटाला २७० लिटरच्या खाली असेल तर सर्दीत मदत लागणार, १६० च्या खाली असेल तर कफ स्वतःहून निघणार नाही.

मदतीचं स्वस्त साधन म्हणजे अँबू बॅग, हाताने दाबून छातीत हवा भरायची मास्कवाली पिशवी. मुलाला ताठ बसवा, मास्क नाक-तोंडावर घट्ट. त्याने स्वतः श्वास घ्यायचा, सोडायचा नाही. त्यावर बॅग हळू दाबून हवा भरा, पुन्हा रोखायची, पुन्हा भरा. दोन-तीनदा भरल्यावर छाती ताणलेली वाटते. मग मास्क काढून जोरात खोकायचं. त्याच क्षणी दुसऱ्याने बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली तळहाताने आत आणि वरच्या दिशेने झटका द्यायचा. बरगड्या दाबायच्या नाहीत, स्टिरॉइडने हाडं ठिसूळ झालेली असतात. असे तीन ते पाच फेरे, दिवसातून दोनदा, सर्दीत जास्त वेळा. जेवणानंतर किमान दीड-दोन तास नाही. पहिल्यांदा फिजिओसमोर शिकून घ्या. छातीत हवा गळल्याचा, म्हणजे न्यूमोथोरॅक्सचा, इतिहास असेल तर करायचंच नाही.

हवा साठवण्यासाठी एकदिशा व्हॉल्व्ह बसवलेली बॅग देतात. त्या बॅगेवर लाल चिकटपट्टी लावून 'फक्त खोकल्यासाठी' लिहा. तिच्यातून उच्छ्वास बाहेर पडत नाही, त्यामुळे बेशुद्ध मुलाला ती लावणं धोक्याचं. मशीन बंद पडलं तर वापरायची साधी अँबू बॅग वेगळी, उशाशी टांगलेली, कपाटात नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर कफ असिस्ट मशीन, ते छातीत हवा ढकलून लगेच ओढून घेतं आणि कफ वर आणतं. महाग आहे, पण मोठ्या शहरांत भाड्याने मिळतं, निदान थंडीचे महिने घेऊन ठेवा. सर्दीत साध्या हवेवर बोटावरचा आकडा ९५ च्या खाली आला की खोकल्याचे फेरे वाढवा आणि डॉक्टरांना कळवा. फेऱ्यांनीही तो वर आला नाही तर रुग्णालयात, जाताना बायपॅप सोबत न्या. झोप आणणारी खोकल्याची औषधं नकोत. फ्लूची लस दर वर्षी, न्यूमोकोकलचीही विचारा.

औषधचिठ्ठी

डेफ्लाझाकॉर्ट एकदम थांबवायचं नाही. गोळी संपली, उलटीत पडली, दुकानात आली नाही, कारण काहीही असो. शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी केलेलं असतं, त्यामुळे एकाएकी रक्तदाब आणि साखर घसरू शकते. गोळी पोटात टिकतच नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं. त्याचा डोस आत्ताच डॉक्टरांकडून लेखी घेऊन ठेवा, आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या कायम शिल्लक.

व्हीलचेअरच्या मागच्या खिशात एक लॅमिनेट केलेला कागद ठेवा. त्यावर: ड्युशेनचा रुग्ण, स्टिरॉइड चालू. भूल देताना स्कोलीन (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) नको, श्वासातून द्यायचे भुलीचे वायू नकोत. ऑक्सिजन द्यायचा तर बायपॅपसोबत आणि कार्बन डायऑक्साइड मोजून. रक्ताच्या तपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी आणि सीपीके स्नायूंमुळे मुळातच वाढलेले असतात, यकृताबद्दल शंका असेल तर जीजीटी बघा. पडल्यानंतर किंवा हाड मोडल्यावर एक-दोन दिवसांत धाप लागली किंवा मूल असंबद्ध बोलू लागलं तर फॅट एम्बॉलिझमचा (हाडातली चरबी रक्तात जाऊन अडकण्याचा) विचार करा. खाली न्यूरोच्या डॉक्टरांचा फोन आणि शेवटच्या इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) तारीख. इको दर वर्षी लागतोच, तुमच्या पोस्टमध्ये त्याचा उल्लेख नाही म्हणून विचारतो, शेवटचा कधी झाला?