हायकू जुन्या लॅपटॉपवर: मॉडेल नंबरवर जाऊ नका

एकाने विचारलंय की जुन्या लॅपटॉपवर हायकू (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं तर वायफाय चालेल का, तर त्याला मॉडेलचं नाव सांगून उपयोग नाही हो, एकाच मॉडेलमध्ये कधी इंटेलचं वायफाय कार्ड असतं कधी रिअलटेकचं. आधी पेनड्राइव्हवर हायकूची इमेज (अख्ख्या सिस्टीमची फाइल) टाका, त्यावरूनच बूट करा, इन्स्टॉल करायची गरजच नाही, मग टर्मिनलमध्ये लिस्टडेव्ह (listdev) ही कमांड मारा, वायफाय चिपचा व्हेंडर (कंपनी) आणि डिव्हाइस आयडी दिसतो, तो इथे टाका म्हणजे कोणीतरी नीट सांगू शकेल. हायकूचे वायफाय ड्रायव्हर बरेचसे फ्रीबीएसडी या दुसऱ्या मोफत सिस्टीमकडून उचललेले, २०२२ च्या बीटा ४ या आवृत्तीत ओपनबीएसडी या तशाच सिस्टीमचेही आले, त्यामुळे इंटेलवाल्यांची बऱ्यापैकी सोय झाली. ब्रॉडकॉमचं कार्ड निघालं तर मात्र फार आशा ठेवू नका.

स्क्रीन काळी पडली तर बूट होताना शिफ्ट दाबून धरा, मेनू येतो, त्यात फेल-सेफ ग्राफिक्स (साधा, सुरक्षित डिस्प्ले) निवडा. थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशन (ग्राफिक्स चिपकडून काम करून घेणं) तसंही नाहीये, व्हिडिओचा सगळा भार सीपीयूवरच. आणि हायकूवाल्यांकडे बग (बिघाडाची तक्रार) टाकणार असाल तर सिसलॉग (सिस्टीमच्या नोंदींची फाइल) जोडा राव, नुसतं "चालत नाही" म्हटल्यावर समोरचा काय डोंबल करणार?