नवं औषध आधी कशावर तपासायचं: उंदरावर की माणसाच्या पेशींवर?

पेठेतली प्राजक्ता: २०२३ मध्ये आपल्याकडच्या औषध-चाचणी नियमांत बदल होऊन मानवी पेशींवरच्या चाचण्यांना जागा मिळाली. माझं मत स्पष्ट आहे, पहिली चाळणी तीच हवी. रक्ताच्या पेशी मागे नेऊन मूलपेशी (कुठल्याही अवयवाच्या पेशी बनू शकतील अशा) करायच्या, त्यांच्यापासून हृदयाच्या. (जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींवर हे करून दाखवलं.) पुण्यात ट्रेनिंगला असताना मी त्या वाढवल्यात. दहा-बारा दिवस रविवारीसुद्धा गुलाबी मिडियम (पेशींचं पोषक द्रव) बदलत बसायचं. मग एका सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली प्लेटचा एक कोपरा धडधडताना दिसला!

टरफेनाडिन ही अ‍ॅलर्जीची गोळी आठवा. हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर सोडणारी एक वाट, म्हणजे वाहिनी, ती अडवायची, ठोके बिघडून माणसं दगावली. पूर्ण वाढलेल्या उंदराचं हृदय त्या वाहिनीवर फारसं अवलंबूनच नसतं. तो काय इशारा देणार?

चिंचोळीकर: ताई, मी एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल तपासतो. तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय बघा. टरफेनाडिनचं यकृतात फेक्सोफेनाडिन होतं, त्याचा हृदयाला तसा त्रास नाही. सोबत किटोकोनाझोल हे बुरशीवरचं औषध घेतलं की यकृताचं एन्झाइम अडतं आणि घात होतो. तुमच्या प्लेटमध्ये यकृत कुठंय? शिवाय त्या पेशी गर्भातल्या बाळाच्या हृदयासारख्या कच्च्या, साखरेवर चालणाऱ्या. मोठ्या माणसाचं हृदय मुख्यतः चरबीवर चालतं. माझ्या म्हाताऱ्या वडिलांचा अंदाज त्यावरून कसा बांधायचा? त्यात एका बॅचचा दुसरीशी मेळ नाही. असला माल आम्ही गेटबाहेर सोडत नाही.

पेठेतली प्राजक्ता: कच्चेपणा खरा आहे, दादा. पण यकृताच्या पेशीही अशाच बनतात, दोन्ही एका चिपवर (बारीक नळ्यांच्या छोट्या पट्टीवर) जोडता येतात. आणि मूळ गोळी हृदयाला घातक आहे, एवढं तरी प्लेटनं आधीच सांगितलं असतं ना?

जुळे सोलापूर: माझ्या भाच्याला ड्युशेन आहे, स्नायू झिजत जाणारा आनुवंशिक आजार. जिना चढताना कठड्याला लोंबकळत वर येतो. या आजारासाठी वर्षानुवर्षं जो उंदीर वापरतात, त्याच्यातही डिस्ट्रोफिन हे स्नायू टिकवणारं प्रथिन नसतं, तरी तो बऱ्यापैकी पळतो. भाच्याच्या रक्तातून बनवलेल्या स्नायूपेशीत नेमका त्याचाच बिघाड असेल. चिंचोळीकर, तुम्ही बॅचचं बोलताय. आमच्या पोराकडं तेवढा वेळ नाही ओ.

चिंचोळीकर: त्या उंदराचं मान्य, मामा. औषध शोधायला भाच्याच्या पेशी जरूर वापरा. पण प्लेटमध्ये चाललं म्हणून थेट त्याला द्यायचं म्हणाल, तर माझा विरोधच राहील. या मुलांना बहुतेक वेळा स्टेरॉइड चालू असतं. त्याच्यासोबत नवं औषध यकृतात कसं वागेल, हे अख्ख्या जिवात बघितल्याशिवाय मी तरी सही करणार नाही.