शब्दचर्चा : 'अनइन्कॉर्पोरेटेड कम्युनिटी'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न :
अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या व्हॉटकॉम काउंटीतल्या (काउंटी म्हणजे राज्याखालचा कारभाराचा विभाग) पॉइंट रॉबर्ट्स या गावाची माहिती मराठीत लिहितो आहे. पहिल्याच ओळीत हा शब्द आडवा आला. एकाने 'असंघटित समुदाय' सुचवले, पण असंघटित म्हटले की डोळ्यांपुढे बांधकाम मजूर नि घरकामगार बायका येतात. दुसरे काही सुचते का?

प्रतिसाद :
'असंघटित' नकोच, आणि 'समुदाय' तर त्याहून नको. मराठीत समुदाय माणसांचा असतो, जागेचा नाही. 'व्हॉटकॉम काउंटीतील एक समुदाय' असे वाचले तर तिथे एखादा पंथ राहतो की काय असे वाटेल. साधे 'गाव' किंवा 'वस्ती' म्हणा. राहिला पहिला शब्द. राज्याच्या कायद्याने ज्या गावाची स्वतःची पालिका झाली ते इन्कॉर्पोरेटेड, झाली नाही ते अनइन्कॉर्पोरेटेड. 'अनिगमित' असा कोशातला शब्द मिळेल, पण वाचणारा तिथेच अडखळेल.

प्रतिसाद :
सरळ 'वाडी' लिहा की! आमच्या कोकणात एकेका गावाच्या आठ-दहा वाड्या असतात. वाडीला वेगळी ग्रामपंचायत नाही, सरपंच नाही.

प्रतिसाद :
वाडी या गावाला बसत नाही. वाडीच्या वर गाव असते, गावाला ग्रामपंचायत असते. पॉइंट रॉबर्ट्सच्या वर मधले काहीच नाही, थेट काउंटी. पेनसिल्व्हेनियात मात्र काउंटीच्या खाली टाउनशिप असते, तिचा स्वतःचा कारभार असतो. तिथल्या लँकेस्टर काउंटीतल्या बर्ड-इन-हँडला तुम्ही खुशाल वाडी म्हणा. इंग्रजी शब्द दोन्हीकडे एकच असला तरी व्यवस्था वेगळी आहे.

आता 'असंघटित' किती खोटे ते पाहा. अमेरिका आणि ब्रिटन यांच्या १८४६च्या करारात ४९ उत्तर अक्षांशावर सरळ रेघ मारली गेली आणि त्सावासन द्वीपकल्पाचे दक्षिण टोक तेवढे रेघेखाली, म्हणजे अमेरिकेत राहिले. तिन्ही बाजूंना समुद्र, उत्तरेला कॅनडा. खुष्कीच्या मार्गाने बाकीच्या अमेरिकेत जायचे तर कॅनडातून जाऊन दोनदा सीमा ओलांडावी लागते. जरा मोठी झालेली मुले तशीच बसने सीमेपलीकडच्या, वॉशिंग्टन राज्यातल्याच ब्लेन गावच्या शाळेत जातात. पिण्याचे पाणी व्हँकुव्हरच्या बाजूने येते, पेट्रोल कॅनडातल्या गिऱ्हाइकासाठी लिटरवर विकतात. महापौर नाही, पोलिसांचे काम काउंटीच्या शेरीफकडे. पण पाणी, अग्निशमन आणि उद्यान यांसाठी वेगवेगळी मंडळे आहेत. याला असंघटित कोण म्हणेल?

प्रश्नकर्ता :
पटले. पण पालिका नाही तर हद्द कोणाची? २०२०ची लोकसंख्या १,१९१ दिली आहे, ती कुठून कुठपर्यंत मोजली?

प्रतिसाद :
हद्द जनगणना खात्याची. आकडेवारीसाठी ते नकाशावर हद्द आखतात आणि तिला 'सेन्सस डेझिग्नेटेड प्लेस' म्हणतात. मी 'जनगणनेपुरते ठिकाण' लिहीन. आपल्याकडच्या 'जनगणना शहरा'शी याचे थोडे नाते आहे. किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसे आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी तीन चतुर्थांश शेतीबाहेर असले की जनगणनेत गाव शहर ठरते, कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच.

आणि हो, 'लहान खेडे' असा अर्थ या शब्दात घुसवू नका. नेब्रास्कातल्या मोनोवाय गावची २०१०ची लोकसंख्या १ होती, तरी ते कायद्याने इन्कॉर्पोरेटेड. उलट नेवाडातले पॅराडाइज, जिथे लास वेगासचे बरेचसे मोठे कॅसिनो आहेत, २०२०मध्ये १,९१,२३८ वस्तीचे होते आणि त्याला पालिका नाही.

प्रश्नकर्ता :
मग ओळ अशी करतो : 'पॉइंट रॉबर्ट्स हे वॉशिंग्टन राज्याच्या व्हॉटकॉम काउंटीतले, स्वतःची पालिका नसलेले गाव आहे.' काउंटीला 'जिल्हा' करू का?

प्रतिसाद :
ओळ झकास. काउंटीसाठी वेगळा धागा काढा, तो वाद इथे मावायचा नाही.