भाडं परत मागा म्हणे, बोनस समजून!

हॅरोचा नाना:
परवा एका मराठी ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'लंडनमध्ये बिनालायसन्स घरात राहताय? वर्षाचं भाडं परत मागा, बोनस समजा!' खाली चाळीस अंगठे. माझ्या खिशातून १३,००० पौंड गेलेत, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. सहन करा.

पूर्व लंडनमध्ये माझं एक घर आहे. पाच जण ठेवले की एचएमओ, म्हणजे वेगवेगळ्या बिऱ्हाडांनी मिळून राहायच्या घराचं, लायसन्स मालकाला लागतं हे ठाऊक होतं, म्हणून मुद्दाम चारच मुलं ठेवली, प्रत्येकी ६०० पौंड. कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, मधेच तीन-चार जणांच्या घरांनाही लायसन्स लावलं. मला ना पत्र, ना ईमेल. मुलं दोन वर्षं मजेत राहिली, बायकोने दिवाळीला फराळाचे डबे पोचवले. घर सोडून दोन महिने होत नाहीत तोच ट्रायब्युनलचा, म्हणजे घरभाड्याचे तंटे सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाचा, कागद. शेवटच्या वर्षाचे २८,८०० मागितले! वीज-गॅसची बिलं मी भरत होतो, ते २,८०० वजा झाले आणि उरलेल्याचे निम्मे द्या असा हुकूम. घर गळत नव्हतं, उंदीर नव्हते. एक कागद नव्हता, बस. लायसन्सची फी हजाराच्या आसपास, ती मी नंतर भरलीच की! निदान चकल्या तरी परत मागायला हव्या होत्या.

ईस्टहॅमकर:
नाना, फराळ वाटून लायसन्स मिळत नाही. पूर्व लंडनच्या न्यूहॅम कौन्सिलने २०१३ साली आपल्या जवळपास सगळ्या हद्दीला लायसन्स लावलं तेव्हा केवढा गवगवा झाला होता. पूर्व लंडनमध्ये घर घेऊन भाडं खाणाऱ्याच्या कानावर काहीच नाही?

आता माझं ऐका. २०२२ साली शिकायला आलो. तीन बेडरूमच्या घरात सात जण. पुढच्या खोलीत मधोमध प्लायवूड ठोकून दोन खोल्या केलेल्या, शेजाऱ्याने कूस बदलली तरी कळायचं. बॉयलर डिसेंबरात गेला तो फेब्रुवारीत आला. भाडं रोख, घेणारा आपल्याच गावाकडचा 'काका'. पुढे कळलं की काका स्वतःच भाडेकरू, घर मालकाकडून घेऊन आम्हाला खोल्या वाटत होता. २०२३ साली घर सोडून दावा लावायला गेलो तर काकाचा फोन बंद. मूळ मालकाला धरावं तर त्याच वर्षी मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने राकुसेनच्या खटल्यात सांगून ठेवलेलं, भाडं फक्त थेट घरमालकाकडूनच परत मागता येतं. एक पेनी मिळाली नाही. तुमच्या मुलांना मिळाले, मला आनंद आहे.

सदाशिवपेठी:
गंमत बघा. पुण्यात 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणजे लायसन्स भाडेकरूला, तिकडे ते मालकाने काढायचं. आणि इकडे काही रामराज्य नाही. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. नोंदवायला कोण सांगतं? भाडेकरू. खर्च कोण करतं? तेही भाडेकरूच.

हॅरोचा नाना:
काकासारख्याला उलटा टांगा, मी दोरी देतो. पण त्याला आणि मला एकाच तराजूत? आणि माझी मुलंही धुतल्या तांदळाची नव्हती. फोडणी दिली की अलार्म वाजतो म्हणून त्याला शॉवर कॅप घालून ठेवलेली! मी स्वतः दोनदा काढली.

गोंद्या:
हाहा, आमच्याकडे कॅप नव्हती, डोशाच्या पिठाची पिशवी बांधली होती. मग काय, उकडलेलं खायचं? आमचा मालक नागपूरचा, स्वतः सावजीवर ताव मारतो आणि करारात आम्हाला कलम, 'उग्र वासाचा स्वयंपाक नको'. गोरे मालक परवडले.

सदाशिवपेठी:
मोहरी तडतडण्याआधी खिडकी उघडावी, इतकं साधं आहे.

गोंद्या:
जानेवारीत? या एकदा इकडे.

ईस्टहॅमकर:
आणि खिडकी रंगाने चिकटलेली असेल तर? आमची होती. आपलेच घरमालक आपल्या पोरांना जास्त नाडतात. गोऱ्याला कौन्सिलची भीती असते, आपल्याला वाटतं हा व्हिसावर आहे, काय बोलणार.

हॅरोचा नाना:
सरसकट बोलू नका. मी त्यांना ठेचा कुटायला खलबत्ता दिला होता! वासाचं कोण बोलतंय, आगीचं बोलतोय. जिवाशी खेळ होता तो. मीच गुन्हेगार आणि कॅप घालणारे साधुसंत?

मंजिरी लेस्टरकर:
नाना, तो अलार्म नक्की कुठे होता?

हॅरोचा नाना:
किचनमध्ये, गॅसच्या वर. नवाकोरा स्मोक अलार्म.

मंजिरी लेस्टरकर:
मग वाजणारच. किचनमध्ये हीट अलार्म लावतात, तो धुराला नाही, उष्णतेला वाजतो. स्मोकचा जिन्यात, पॅसेजमध्ये. मी एका लेटिंग एजन्सीत सहा वर्षं होते, लायसन्सच्या कागदांत हे अलार्म-दरवाजेच आधी तपासले जातात. तुम्ही वेळेवर अर्ज केला असता तर हे कुणीतरी विचारलं असतं आणि पोरांना कॅप घालायची वेळच आली नसती. कागदच नव्हता म्हणता, तो कागद यासाठीच होता.

आणि ट्रायब्युनलने तुम्हाला काकाच्या तराजूत घातलंच नाही. निम्मेच द्यायला सांगितले ना? गुन्हा किती गंभीर, मालक कसा वागला, हे बघूनच टक्के ठरतात. 'मला माहीत नव्हतं' एवढ्याने सुटका होत नाही, पण अर्ज टाकला त्या दिवसापासून गुन्हा थांबतो. बोनस म्हणणाऱ्यांनाही सांगते, पुरावा फौजदारी खटल्याइतका पक्का लागतो, आणि भाडं युनिव्हर्सल क्रेडिटमधून, म्हणजे सरकारी भत्त्यातून, भरलं असेल तर तेवढी रक्कम मिळत नाही.

ईस्टहॅमकर:
नव्या कायद्याचंही सांगा.

मंजिरी लेस्टरकर:
रेंटर्स राइट्स अ‍ॅक्ट २०२५. १ मे २०२६पासून बाराऐवजी चोवीस महिन्यांपर्यंतचं भाडं मागता येईल. काकाच्या मागे लपलेल्या वरच्या मालकालाही धरता येईल.

ईस्टहॅमकर:
म्हणजे माझी वरात गेल्यावर घोडा आला.

गोंद्या:
नाना, १३,००० ऐवजी २६,००० गेले असते. चकल्या स्वस्तात पडल्या म्हणा!

हॅरोचा नाना:
हसा. कौन्सिलने पत्र टाकायला हवं होतं यावरून मी हलणार नाही. अलार्मचं मात्र... ठीक आहे, चुकलं. मंजिरीताई, कोणता हीट अलार्म घ्यायचा ते खाजगी निरोपात कळवा. नवी मुलं शनिवारी येताहेत, त्यातला एक कोल्हापूरचा आहे.