दत्तक लेक आजीलाच बिलगली आहे, आणि आजी ऑक्टोबरात परत जाणार

सायली_एडिसन

आमची लेक जूनमध्ये ओडिशातल्या एका अनाथ मुलांच्या संस्थेतून इथे अमेरिकेत, न्यू जर्सीला घरी आली. कागदावर वय एक वर्ष दहा महिने, पण जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने लिहिलेली आहे. संस्थेत तिला मामुनी म्हणायचे, आम्हीही तेच म्हणतो. 'कारा' या भारताच्या केंद्रीय दत्तक यंत्रणेकडची नोंदणी, इथल्या एजन्सीचा गृहअभ्यास म्हणजे घराची आणि आमची पाहणी, अमेरिकेचा आय-८००ए हा दत्तकाचा अर्ज, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, दिल्लीचा व्हिसा हे सगळं पार पडलंय. त्याबद्दल काही विचारायचं नाही. प्रश्न घरातला आहे.

सासूबाई साताऱ्याहून आमच्या आधीच येऊन राहिल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. आम्ही न्यूअर्कला उतरलो त्या रात्री मामुनीच्या अंगात ताप होता. आईंनी तिला खांद्यावर घेतलं आणि ती तिथेच झोपली. तेव्हापासून ती त्यांची झाली. संस्थेतल्या मावश्या साडी नेसायच्या, आणि आमच्या घरात साडी नेसणाऱ्या आई एकट्याच. पदर मुठीत धरल्याशिवाय तिला झोप लागत नाही. मऊ भात-वरण त्यांच्या हातून मटामटा खाते, मी घास पुढे केला की मान फिरवते.

माझ्याकडे येते, पण कुणाकडेही जावं तशीच. ओक ट्री रोडच्या देशी बाजारात भाजी घेताना एका अनोळखी बाईचं बोट धरून सरळ चालायला लागली. पडली तर रडत नाही. रात्री जाग आली तर हाक मारत नाही, नुसती डोळे उघडे ठेवून पडून राहते. हे पाहिलं की माझ्या पोटात कालवतं. पोट टम्म झालं तरी ताट उचलू देत नाही, आणि झोपताना हातात पोळीचा तुकडा लागतो.

आमच्या समाजसेविकेचं म्हणणं, सुरुवातीचे काही महिने भरवणं, अंघोळ आणि झोपवणं फक्त आईबाबांनीच करायचं. पटतंय मला. पण स्वतःचं घर बंद करून नातीसाठी आलेल्या बाईला 'तिला भरवू नका' हे कोणत्या तोंडाने सांगू? आणि नाही सांगितलं, तर ऑक्टोबरअखेर आई परत जातील तेव्हा या पोरीचं काय होईल? जन्मदात्री गेली, मग मावश्या गेल्या, आता आजी. माझी रजा सप्टेंबरात संपते. या वाटेने गेलेल्या कुणीतरी सांगा.

मेघना_मिनेसोटा

सायली, आमचा मुलगा विदर्भातून आला तेव्हा दोन वर्षांचा होता, आता चौथीत आहे. आमच्याकडे तेव्हा माझी आई होती, म्हणून तुझा प्रश्न मला नीट कळतो.

पहिलं म्हणजे, ती आजीला बिलगली ही चांगली बातमी आहे. एका माणसावर विश्वास टाकता येतो, हे तिला जमतंय. मला जास्त काळजी बाजारातल्या त्या बोट धरण्याची वाटली असती. माणसं सारखी बदलत राहिली की मूल सगळ्यांकडे सारखंच जातं. पाहुणे म्हणतात 'किती माणसाळलेली आहे', पण ते तसं नसतं. तेव्हा घरी येणाऱ्यांना सरळ सांग की सध्या तिला उचलून घेऊ नका, खाऊ हातात देऊ नका. काही लोक रुसतील. रुसू देत.

आजीकडून काढून घ्यायचं असा विचारच करू नकोस. आजी आहेत तिथेच तू येऊन बस. आमच्याकडे आई भात कालवायची, घास मी द्यायचे, आणि आई शेजारी बसून चिऊकाऊची गोष्ट सांगायची. पहिले काही दिवस त्याने घास थुंकला. मग आजीचा आवाज आणि माझा हात हे एकत्र आहेत, हे त्याला उमगलं. झोपेचंही तसंच. आजी पलंगावर, मी खाली सतरंजीवर, मग हळूहळू जागांची अदलाबदल. तू आईंचं एखादं धुवून मऊ झालेलं पातळ अंगावर घेऊन झोपव. खरंच उपयोग होतो.

रात्री हाक मारत नाही ते अशासाठी, की मोठ्या खोलीत वीस मुलांत हाक मारून कुणी येत नाही, हे ती शिकली आहे. हाकेची वाट पाहू नकोस. जागी दिसली की उचल. पडली आणि रडली नाही तरी धावत जा, फुंकर घाल, 'लागलं का गं' म्हण. आमचा मुलगा पहिल्यांदा गुडघा फुटल्यावर भोकाड पसरून माझ्याकडे धावत आला, तेव्हा मी आनंदाने रडले होते.

ताट तिच्यासमोरच राहू दे. एका वाटीत पोळीचे तुकडे किंवा चुरमुरे तिच्या हाताला लागतील असे कायम ठेव. संपले की भर. पुरेसं आहे आणि उद्याही मिळणार आहे, ही खात्री पटायला वेळ लागतो, पण पटते. संस्थेत छतुआ देत असतील तर तुमच्याकडे दुकानात सातूचं पीठ मिळतंच, त्याची दूध-गुळातली पेज करून बघ. ओळखीची चव असेल.

आणि निघायच्या दिवशी ती झोपलेली असताना आजींनी अजिबात गुपचूप जायचं नाही. तिची आधीची माणसं अशीच नाहीशी झाली आहेत. बॅग भरताना तिला दिसू दे, विमानतळावर घेऊन जा, रडली तर तुझ्या कडेवर रडू दे. दुसऱ्या दिवसापासून ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल. सुरुवातीला ती पडद्याकडे पाठ करेल, तरी बंद करू नका.

तू स्वतः झोपतेस का गं? दत्तक आयांनाही उदासी येते, बाळंतपणानंतर येते तशीच. मला आली होती. सहामाही, तिमाही अहवालासाठी समाजसेविका येते तिला सगळं छान आहे असं सांगू नकोस, खरं सांग. तीच पुढचा माणूस सुचवते.

बाळवैद्य

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मानसिक बाजू वर उत्तम आली आहे, मी फक्त तपासण्यांचं लिहितो. आल्यावर साधारण दोन आठवड्यांत पूर्ण तपासणी व्हायला हवी. झाली नसेल तर लगेच करा. रक्तात हिमोग्लोबिन, लोह, शिसं, हेपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस. शौचाची जंतांसाठी तपासणी, एकाहून जास्त नमुने. बीसीजी झालेलं असल्यामुळे क्षयाची त्वचेवरची चाचणी फसवी येऊ शकते, म्हणून रक्तावरच्या चाचणीबद्दल विचारा. यातल्या काही चाचण्या सहा महिन्यांनी पुन्हा कराव्या लागतात. ओडिशाच्या पश्चिम भागात सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण बरंच आहे, तेव्हा त्यासाठीची हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्तचाचणी जरूर करा. ऐकण्याची तपासणीही.

आजी डोळ्यांत काजळ घालत असतील तर कृपया थांबवा, त्यात शिसं असू शकतं.

पाठीवर, कमरेखाली जन्मजात निळसर डाग असतील तर डॉक्टरांकडून फाईलमध्ये लिहून घ्या. आपल्याकडच्या मुलांत ते सर्रास असतात, पण इथल्या पाळणाघरात कुणाला माराचे वळ वाटले तर नसता ताप होतो.

उंची कमी भरली तर घाबरू नका. संस्थेतल्या साधारण तीन महिन्यांमागे एक महिन्याची वाढ मागे पडते असा आमचा आडाखा आहे, आणि घरी आल्यावर बरीचशी भरून निघते. बोलण्यासाठी मात्र थांबू नका. तीन वर्षांच्या आत 'अर्ली इंटरव्हेन्शन'चं, म्हणजे लहान मुलांच्या वाढीला मदत करणाऱ्या इथल्या सरकारी योजनेचं, मूल्यमापन विनामूल्य होतं, आजच फोन करा. घरात मराठीच बोला, त्याने काही अडत नाही.

कृष्णाकाठची_आजी

सायलीताई, मी लेकाकडे डॅलसला असते. माझी नात पण दत्तक आहे. मला सुनेनं सांगितलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस मी नीट जेवले नाही. पण तिनं मला 'भरवू नका' असं नाही सांगितलं. ती म्हणाली, 'आई, ती माझी व्हायला मला तुमची मदत पाहिजे.' मग मला कामच मिळालं. पोर रडत माझ्याकडं आली की मी तिला उचलायची आणि थेट सुनेच्या मांडीवर नेऊन द्यायची, 'आईकडं जा, आई बघ' म्हणत. माझ्या हातनं ती तिच्या आईकडं गेली याचं मला समाधान आहे. तुझ्या सासूबाईंना कळेल. जिनं पोरं वाढवलीत तिला हे कळतंच. तू बोल त्यांच्याशी, नवऱ्याला पुढं करू नकोस.

रवी_पार्सिपनी

बाबांची रजा कुणी विचारली नाही. न्यू जर्सीत फॅमिली लीव्ह इन्शुरन्स दत्तकालाही लागू आहे, पगाराच्या काही भागासह १२ आठवडे, आणि आईला वेगळी, बाबाला वेगळी. मूल घरी आल्यापासून वर्षाच्या आत घ्यायची असते, सुटे सुटे दिवसही घेता येतात. मिस्टरांनी अजून घेतली नसेल तर ऑक्टोबरसाठी राखून ठेवा.

सायली_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. आजींचं उत्तर मी आईंना वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, 'मला आधी का नाही बोललीस? मी कालवते, तू भरव.' काल रात्रीपासून तसंच चालू आहे. मामुनीने चार घास माझ्या हातून घेतले, पाचवा आईंकडे बघत थुंकला. काजळाची डबी आईंनी स्वतःच उचलून ठेवली.

नवऱ्याची रजा पूर्ण शिल्लक आहे, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून ती घेणार, म्हणजे आई असतानाच काही दिवस बाप-लेकीची ओळख होईल. तो तिच्याजवळ गेला की ती अजून अंग चोरते. संस्थेत पुरुष माणूस तिने फारसं पाहिलेलंच नाही. बाबांशी ओळख कशी झाली हे कुणी लिहिलंत तर त्याला वाचायला देईन.

शिसं आणि सिकल सेल या दोन तपासण्या राहिल्या होत्या, शुक्रवारची वेळ मिळाली आहे.