रूट्सटेकला जायचं आहे: हेळव्यांनी सांगितलेली वंशावळ तिथं कशी मांडावी?

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. मुलगी अमेरिकेत यूटा राज्यात असते, तिच्याकडे मार्चमध्ये जाणं होतंय. त्याच सुमारास सॉल्ट लेक सिटीत रूट्सटेक ही वंशावळीच्या अभ्यासकांची मोठी परिषद भरते. जायचं पक्कं केलंय. कुणी तिथं जाऊन आलं असेल तर कृपया मार्गदर्शन करा.

घरात पणजोबांच्या वेळचं मोडीतलं वाटणीपत्र आहे. जमिनीचे जुने उतारे मराठीत, १९५६ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्यानंतरचे कानडीत. पण सगळ्यात मोलाचं आहे ते आमच्या हेळव्यांनी सांगितलेलं. ज्यांच्याकडे हेळवी येत नाहीत त्यांच्यासाठी सांगते: सुगी झाली की ते बैल घेऊन गावात येतात, ठरलेल्या घरांच्या पिढ्या, मूळ गाव, कुलदैवत घडाघडा म्हणतात आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जातात. गेल्या सुगीला त्यांना विचारून मी सगळं मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलं.

आता अडचण अशी, की रूट्सटेकच्या मंडळींचे वंशावळीचे तक्ते जन्मसाल मागतात. हेळव्यांच्या सांगण्यात साल नाही. कोण कुणाचा मुलगा आणि कुठून उठून कुठं वसला, एवढंच. लेकीसुनांची नावं तर जवळजवळ नाहीतच, आणि याचं मला फार वाईट वाटतं. आजीचं माहेरचं नाव तिच्या भाच्याकडून मिळालं. अंदाजानं साल भरण्यापेक्षा रकाना रिकामा ठेवावा असं माझं मत. तुम्ही काय करता?

दुसरं जास्त महत्त्वाचं. परिषद भरवणाऱ्या फॅमिलीसर्च या संस्थेकडे हरिद्वारच्या पंड्यांच्या, यात्रेकरूंच्या पिढ्या लिहिलेल्या वह्यांची छायाचित्रं आहेत. मग हेळव्यांच्या परंपरेबद्दल तिथं कुणाशी बोलावं? आमच्या हेळव्यांचा मुलगा बेळगावात नोकरीला आहे, तो हे काम पुढं चालवणार नाही. मात्र ही त्यांची पोटापाण्याची विद्या. त्यांची संमती आणि मोबदला ठरल्याशिवाय ध्वनिमुद्रण मी कुणालाही देणार नाही. असा करार कुणी केला असेल तर मसुदा कसा होता ते सांगा.

मूळ कागद घरीच ठेवून स्कॅन नेणार आहे. बरीच सत्रं ऑनलाइन फुकट बघता येतात, तेव्हा प्रत्यक्ष कशाला बसावं आणि फॅमिलीसर्चच्या तिथल्या ग्रंथालयासाठी वेगळा दिवस काढावा का?

बेळगाव-निपाणी भागात मोडी वाचणारं कुणी असेल तर तेही कळवा. वाटणीपत्राच्या शेवटच्या ओळी अजून लागलेल्या नाहीत, आणि साक्षीदारांची नावं तिथंच आहेत.