शेडमधल्या बिलिंगची मेल: थेट पाठवायची की पोस्टफिक्सच्या हवाली करायची?

कातळसडा
देवगडकडच्या आंबा पॅकिंग शेडमध्ये मी लिहिलेला बिलिंगचा प्रोग्राम चालतो. पेटी गाडीत चढली की गिऱ्हाइकाला मेलने पावती जाते. मुंबई-पुण्याची मंडळी त्या पावतीवर विसंबून असतात, म्हणून हा धागा.

माझं मत असं की प्रोग्रामने जीमेलशी किंवा दुसऱ्या कुठल्या सेवेशी थेट बोलूच नये. त्याच मशीनवर पोस्टफिक्स (मेल घेऊन पुढे पोचवणारा मेल-सर्व्हर) बसवा. प्रोग्रामने १२७.०.०.१ ला (म्हणजे त्याच मशीनला), पोर्ट २५ वर (मेल-सर्व्हरचं नेहमीचं दार) मेल टाकावी आणि मोकळं व्हावं.

कारण आपल्याकडची लाईट. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की ती जाते आणि तिच्यामागून टॉवरही. थेट पाठवणारा प्रोग्राम टाइमआउटपर्यंत अडकून बसतो, शेवटी एरर दाखवतो. गाडी भरायच्या घाईत तो एरर कोणी वाचत नाही, आणि पावती राहून जाते. पोस्टफिक्स मेल डिस्कवरच्या रांगेत ठेवतो, त्यामुळे मशीन बंद पडलं तरी ती हरवत नाही. मूळ सेटिंग्जनुसार तो ५ मिनिटांपासून वाढत वाढत तासाभराच्या अंतराने पुन्हा पाठवून बघतो, ५ दिवसांपर्यंत.

मांडणी अवघड नाही. रिलेहोस्ट या सेटिंगमध्ये, मेल जिच्यामार्फत पुढे जायची त्या सेवेचं (रिलेचं) नाव चौकटी कंसात आणि पुढे पोर्ट ५८७ (कंस विसरलात तर तो एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे त्या डोमेनची मेल कोणता सर्व्हर घेतो ती नोंद, शोधायला जातो). टीएलएस (वाटेतलं एन्क्रिप्शन) सक्तीचं. इनेट इंटरफेसेस (मेल कुठून घ्यायची ती सेटिंग) फक्त लूपबॅक, म्हणजे हेच मशीन. पासवर्डची फाईल रूटशिवाय कोणाला वाचता येऊ नये, आणि ती बदलली की पोस्टमॅप (तिची पोस्टफिक्सला लागणारी प्रत बनवणारी आज्ञा) चालवायचं. जीमेलच्या खाजगी खात्याचा नेहमीचा पासवर्ड २०२२ पासून इथे चालत नाही. दुहेरी पडताळणी सुरू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. तो एकाच जागी राहतो, प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात नाही, हाही फायदाच.

खाडीपलीकडे
साफ असहमत. पोस्टफिक्सने २५० ('घेतली' सांगणारा कोड) म्हटलं म्हणजे त्याने मेल ताब्यात घेतली, एवढंच. प्रोग्राम मात्र 'पावती पाठवली' दाखवून मोकळा. पुढे पत्ता चुकीचा निघाला, अ‍ॅप पासवर्ड रद्द झाला, तर ते लॉगमध्ये राहणार. शेडमध्ये लॉग कोण वाचतो?

रांग हवीच, पण ती प्रोग्रामच्या डेटाबेसमध्ये. एक टेबल, त्यात 'बाकी', 'गेली', 'फसली' असे शेरे, आणि दर मिनिटाला ते बघणारं छोटं काम. बागायतदाराला बिलासमोरच लाल खूण दिसते, तो फोन उचलतो. तुमच्या पद्धतीत त्याला गिऱ्हाइकाकडूनच कळणार.

बंदरकर
पण रिले हवाच कशाला? पोस्टफिक्स बसवलाच आहे तर त्यानेच थेट जीमेलच्या सर्व्हरला द्यावी. मधल्या सेवेचे पैसे वाचतील.

कातळसडा
@बंदरकर, शेडमधल्या ब्रॉडबँडवरून हे होणार नाही. बदलता आयपी, त्याला तुमच्या नावाचा पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) नाही, आणि बऱ्याच कंपन्या बाहेर जाणारं पोर्ट २५ बंदच ठेवतात. असे पत्ते स्पॅमहाऊसच्या (स्पॅम रोखण्यासाठी आयपींच्या याद्या ठेवणारी संस्था) यादीत सरसकट असतात, त्यात तुमचा दोष नसला तरी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनची आहे हे पटवणारे उपाय) मागतं, आणि पीटीआरही. हे सगळं रिले सेवेकडे तयार असतं. तुम्ही फक्त तुमच्या डोमेनच्या नोंदी करायच्या.

@खाडीपलीकडे, तुमच्या टेबलमधला 'गेली' हा शेरा तरी काय सांगतो? रिले सेवेने घेतली, एवढंच. गिऱ्हाइकाच्या इनबॉक्सपर्यंतचं कोणालाच दिसत नाही. परत येणारी मेल दोन्हीकडे एन्व्हलपवरच्या (पाठवणारा म्हणून सर्व्हरला सांगितलेल्या) पत्त्यावरच येते. तो पत्ता बागायतदार रोज उघडतो तो ठेवा, म्हणजे त्याला कळेल.

हर्णैचा वारा
दोघांनाही एक विचारतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. ५ दिवसांची रांग तिथे काय कामाची?

कातळसडा
मुदत संपली म्हणून पोस्टफिक्स मेल न पाठवताच टाकून देत नाही. मशीन चालू झालं की आधी प्रयत्न करतो. तो फसला आणि मुदतही उलटलेली असली तरच ती पाठवणाऱ्याकडे परत करतो. मुदत वाढवताही येते.

खाडीपलीकडे
नेमकी हीच माझी तक्रार! आठवड्याने पावती जाऊन करायचंय काय, आंबा तोवर खाऊन झाला. किंवा त्याहून वाईट: मधल्या वेळात ऑर्डर रद्द झाली, पेटी दुसऱ्याला गेली, आणि लाईट आल्याबरोबर जुनी पावती सुटली. टेबलमध्ये असती तर रद्द करताना तीही काढली असती.

शिवाय बहुतेक शेडमध्ये विंडोज आहे. पोस्टफिक्स त्यावर चालत नाही, म्हणजे वेगळं लिनक्स मशीन आलं. मग मायनेटवर्क्समध्ये (कोणाची मेल पुढे पाठवायची ती यादी) दुसऱ्या मशीनचा पत्ता टाकावा लागणार, आणि कोणीतरी घाईत ०.०.०.०/०, म्हणजे 'सगळं जग', टाकून मोकळा होणार. राउटरमधून ते पोर्ट बाहेर उघडं असेल तर जगभरचा स्पॅम बागायतदाराच्या नावाने जाईल.

कातळसडा
मायनेटवर्क्समध्ये फक्त बिलिंगच्या मशीनचा एक पत्ता, पुढे /३२ (म्हणजे तेवढा एकच), बस. ज्याला हे जमत नाही त्याने खुशाल थेट पाठवावं, तिथे मी हट्ट धरणार नाही.

रद्द ऑर्डरचा मुद्दा मात्र खरा आहे. रांगेतली मेल पोस्टसुपर या पोस्टफिक्सच्या आज्ञेने काढता येते, पण त्यासाठी प्रोग्रामला रूटचे अधिकार द्यावे लागतील, आणि ते मी कदापि देणार नाही. तेव्हा पेटी गाडीत चढेपर्यंत जे बदलू शकतं ते तुमच्या टेबलमध्ये राहू दे. गाडी सुटल्यावरची पावती पोस्टफिक्सकडे.

खाडीपलीकडे
म्हणजे टेबल लिहावंच लागलं. मग दुसरी रांग कशाला सांभाळायची?